प्रश्नपत्रिका सोडवून अभ्यास: परीक्षेच्या महिन्यात मुलं मला विचारतात ते प्रश्न

गेली एकवीस वर्षं मी बीकॉमला कॉस्टिंग आणि बिझनेस लॉ शिकवते. परीक्षेचं टाइमटेबल लागलं की स्टाफरूमच्या दारात गर्दी होते आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं. उदाहरणं कॉमर्सची आहेत, कारण मला तेच येतं. सायन्स, आर्ट्स, इंजिनिअरिंगवाल्यांनी आपापला विषय त्यात घालून वाचावं.

मॅडम, पुस्तक अजून पूर्ण वाचून झालं नाही. प्रश्न सोडवायला आताच बसू का?

बसा. पुस्तक "पूर्ण" वाचून झाल्यावर प्रश्नांना हात लावायचा, असं ठरवणाऱ्यांचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्रीही पूर्ण झालेलं नसतं. एक युनिट एकदा समजून घेतलं की त्याच संध्याकाळी त्यावरचे तीन-चार प्रश्न. मग दुसरं युनिट.

युनिट अजिबात न वाचता प्रश्न बघितला तरी तोटा नाही. पाच मिनिटं डोकं खाजवा, काही सुचलं नाही तर नाही. नंतर धडा वाचताना "अच्छा, ते इथे होतं होय!" असं होतं, आणि तसं सापडलेलं सहसा विसरत नाही.

वाचण्यापेक्षा प्रश्न सोडवणं खरंच जास्त उपयोगी असतं, की हे आपलं शिक्षकांचं नेहमीचं बोलणं?

हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत कागद समोर न ठेवता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना सुमारे ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्याने पुन्हा विचारलं तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले होते आणि लिहिणारे ६१ वर टिकून होते.

यातला पाच मिनिटांचा आकडा विसरू नका, कारण आपली फसगत तिथेच होते. वाचून झाल्या झाल्या सगळं येतंय असं वाटतं, आणि त्या क्षणी ते खरंही असतं. परीक्षा मात्र पाच मिनिटांनी नसते.

मग "प्रश्न सोडवला" असं कधी म्हणायचं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी निकालानंतर माझ्याकडे वही घेऊन आली. मार्जिनल कॉस्टिंगची साठेक गणितं, चार रंगांची पेनं, पट्टीने आखलेले तक्ते. "एवढं सगळं सोडवलं मॅडम, तरी विषय राहिला." मी वही शेवटपर्यंत चाळली. त्यात एकही खाडाखोड नव्हती. मी विचारलं, गाइड कुठे ठेवून सोडवायचीस? म्हणाली, शेजारी, अडलं की बघायला. म्हणजे तिने साठ गणितं उतरवून काढली होती, सोडवलं एकही नव्हतं. पोरगी कष्टाळू होती, म्हणून जास्त वाईट वाटलं.

एक साधं ब्रेक-ईव्हनचं, म्हणजे ना नफा ना तोटा होईल एवढ्या विक्रीचं, गणित घ्या. विक्री किंमत नगामागे ५० रुपये, बदलता खर्च ३० रुपये, स्थिर खर्च २,००,००० रुपये. ब्रेक-ईव्हन काढा. गाइडमध्ये उत्तर असं असतं: कॉन्ट्रिब्यूशन (किंमत वजा बदलता खर्च) २० रुपये, २,००,००० भागिले २० म्हणजे १०,००० नग, रुपयांत ५,००,०००. पी/व्ही रेशो, म्हणजे विक्रीतला कॉन्ट्रिब्यूशनचा वाटा, ४० टक्के. वाचताना प्रत्येक ओळ पटते. "हो, बरोबर" म्हणत पान उलटलं जातं.

आता परीक्षेत असं येतं: पहिल्या वर्षी विक्री ६,००,००० आणि नफा ४०,०००, दुसऱ्या वर्षी विक्री ८,००,००० आणि नफा १,२०,०००. ब्रेक-ईव्हन काढा. यात नगाची किंमत नाही, बदलता खर्च नाही, स्थिर खर्चही नाही. उतरवून शिकलेला इथे थांबतो आणि बाहेर येऊन "आउट ऑफ सिलॅबस" म्हणतो. ज्याने वही बंद करून डोकं चालवलेलं असतं त्याला आठवतं, की विक्री वाढली तरी स्थिर खर्च जागचा हलत नाही, त्यामुळे वाढलेला नफा हा सगळा वाढलेल्या कॉन्ट्रिब्यूशनचाच. ८०,००० भागिले २,००,००० म्हणजे ४० टक्के. ६,००,००० चे ४० टक्के २,४०,०००, त्यातून नफा ४०,००० वजा, स्थिर खर्च २,००,०००. ब्रेक-ईव्हन पुन्हा ५,००,०००. आकड्यांच्या मागे कारखाना तोच आहे, फक्त दार दुसरं आहे.

तेव्हा माझा नियम: गाइड, नोट्स, मोबाइल दुसऱ्या खोलीत. प्रश्न वाचायचा आणि निदान दहा मिनिटं स्वतः झगडायचं. अडलं तर कुठे अडलं ते एका वाक्यात लिहायचं. "स्थिर खर्च कुठून आणायचा कळत नाही" असं. मग उठून उत्तर बघायचं, फक्त अडलेली पायरी, पुढचं नाही. बघून झाल्यावर पुन्हा झाकायचं आणि पहिल्या ओळीपासून लिहायचं. तेच गणित तीन-चार दिवसांनी कोऱ्या कागदावर न बघता सुटलं, तर ते सोडवलं.

मागच्या किती वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात?

तुमचा पॅटर्न सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या. त्याआधीच्या फक्त प्रश्नांसाठी वापरा, पेपरच्या आराखड्यासाठी नाही.

पॅटर्न बघणं किती महत्त्वाचं आहे ते माझ्या भाच्याकडून शिका. तो पुण्यात इंजिनिअरिंगला. २०१९ च्या पॅटर्नमध्ये इन-सेम (सत्राच्या मध्यावरची परीक्षा) ३० गुणांची, पहिल्या दोन युनिटांवर; एंड-सेम (सत्राच्या शेवटची) ७० गुणांची, तिसऱ्या ते सहाव्या युनिटावर. याने सीनियरकडून आधीच्या पॅटर्नचे पेपर आणले आणि एंड-सेमच्या आठवड्यात पहिली दोन युनिटं मन लावून केली. कोणीतरी एक वाक्यात सांगितलं असतं तर त्याचे चार दिवस वाचले असते.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे विषयांची, क्रेडिटची आणि गुणांची रचना बदललेली असल्यामुळे बऱ्याच जणांना "आमच्या पॅटर्नचे पेपरच नाहीत" ही अडचण येते. मग सिलॅबसची प्रत हातात घ्या, प्रत्येक युनिटाला किती तास आणि किती गुण दिलेत ते बघा, आणि जुन्या पेपरांतून त्या युनिटाचे प्रश्न वेचून स्वतःचा पेपर बनवा. हे करताना सिलॅबसही आपसूक वाचला जातो, जो एरवी कोणी वाचत नाही.

हे पेपर मिळतात कुठे?

विद्यापीठाच्या संकेतस्थळावर, कॉलेजच्या ग्रंथालयात बांधलेल्या संचांत, कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे, आणि पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात. ग्रंथालयात आधी विचारा. फुकट असतं, आणि ग्रंथपालांना कुठल्या वर्षाचं कुठलं पान फाटलंय तेही ठाऊक असतं.

जुन्या पेपरांची उत्तरं जशीच्या तशी चालतात का?

विषयावर आहे. मार्जिनल कॉस्टिंगचं गणित १९९८ चं असलं तरी चालतं, कारण बेरीज-वजाबाकी बदललेली नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याच्या मूळ तत्त्वांवरचे जुने प्रश्नही खुशाल सोडवा.

बाकी ठिकाणी पाय जपून टाका. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याआधीच्या अप्रत्यक्ष कराच्या पेपरांत व्हॅट आणि सेवाकर भरलेला आहे. कंपनी कायदा १९५६ चा जाऊन २०१३ चा आला. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला. आयकराचं तर विचारूच नका. एरवीही दर अर्थसंकल्पाला काहीतरी हलतं, आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा लागू झाला आहे. त्यात "मागील वर्ष" आणि "कर आकारणी वर्ष" ही जोडीच गेली, त्याऐवजी "कर वर्ष" आलं. लॉच्या मुलांनी हेच भारतीय दंड संहितेबाबत लक्षात ठेवावं: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, आणि कलमांचे क्रमांक सगळे वेगळे.

आणखी एक गुंता: कायदा बदलला म्हणजे सिलॅबस त्याच दिवशी बदलतो असं नाही. तुमच्या परीक्षेला कुठल्या वर्षाचा कायदा धरायचा हे विषय शिकवणाऱ्यांना विचारूनच घ्या. अशा विषयांत जुना प्रश्न ठेवा आणि उत्तर नव्याने लिहा. दर आणि मर्यादा आजच्या घालून तेच गणित पुन्हा सोडवणं हा फार चांगला सराव आहे.

आयएमपी प्रश्न द्या ना, मॅडम.

नाही.

बरं, कारण सांगते. मी स्वतः पेपर सेट केले आहेत. बहुतेक ठिकाणी एका विषयाचे एकाहून जास्त संच काढून घेतात आणि त्यातला एक निवडला जातो. आपला निवडला गेला की नाही हे सेटरलाही आधी कळत नाही. तेव्हा व्हॉट्सअॅपवर फिरणारे "शुअर शॉट दहा प्रश्न" कोणाला कुठून कळतात हे कोडंच आहे. दहा प्रश्न कुणीही निवडले तरी दोन-तीन लागतातच. लागलेले लक्षात राहतात, हुकलेल्यांची आठवण कोणी काढत नाही.

मात्र पाच-सहा पेपर समोर पसरून कोणत्या युनिटातून किती गुणांचं आणि कशा प्रकारचं विचारतात हे मोजणं, यात काही गैर नाही. कुठला प्रश्न येईल हे त्यातून कळणार नाही. कुठल्या युनिटात तुमची तयारी पातळ आहे आणि ते किती महागात पडेल, हे मात्र नक्की कळतं.

एका धड्याची सगळी गणितं एकदम करू, की मिसळून?

पहिल्यांदा शिकताना एकाच प्रकारची चार-पाच सलग करा, हात बसेपर्यंत. त्यानंतर मिसळा.

रोरर आणि टेलर यांचा २००७ चा गणितावरचा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. घनफळाची चार प्रकारची उदाहरणं. एका गटाने प्रकारवार सोडवली, दुसऱ्याने मिसळून. सरावाच्या वेळी प्रकारवार करणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळणाऱ्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर प्रकारवार करणारे २० टक्क्यांवर, मिसळणारे ६३ वर. एवढी उलटापालट होण्याचं कारण तसं सोपं आहे. "प्रकरण चौथं: मार्जिनल कॉस्टिंग" या मथळ्याखालचं गणित कशाचं आहे हे मथळाच सांगून टाकतो. परीक्षेत मथळा नसतो. हे स्टँडर्ड कॉस्टिंगचं की बजेटचं, हे ओळखणं हीच अर्धी लढाई, आणि तिचा सराव प्रकारवार सोडवताना होतच नाही.

माझी युक्ती: जुन्या पेपरांच्या झेरॉक्स काढा, कात्रीने प्रश्न सुटे करा, युनिटाचं नाव न लिहिता डब्यात टाका. रोज चार काढा. घरचे हसतील, हसू द्या.

थिअरीच्या विषयाला काय "सोडवायचं"? तिथे तर पाठच करावं लागतं.

"वैध कराराची आवश्यक तत्त्वे लिहा" हा प्रश्न पाठ करून येतो, मान्य. पण तोही कागद झाकून मुद्दे लिहा, मग पुस्तकाशी ताडून बघा. सात मुद्द्यांपैकी दरवेळी तोच एक सुटतो असं दिसेल. त्याच्याकडे बघा, उरलेले सहा पुन्हा वाचत बसू नका.

खरी मजा प्रसंगावरच्या प्रश्नांत आहे. समजा, सतरा वर्षांच्या मुलाने वय एकोणीस सांगून दुकानदाराकडून साठ हजारांची जुनी मोटारसायकल उधारीवर घेतली. पैसे दिले नाहीत. दुकानदाराला ते वसूल करता येतील का?

बहुतेक मुलं एका ओळीत मोकळी होतात: "नाही, कारण तो अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) आहे." उत्तर चुकलेलं नाही, पण आठ गुणांच्या प्रश्नाला त्यावर दोन मिळतील. कागद झाकून स्वतःला पुढचे प्रश्न विचारा. अज्ञान कशावरून? करार कायद्याचं कलम ११. मग करार रद्द करण्याजोगा की मुळातच निरर्थक? इथे १९०३ चा मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा) निकाल. वय खोटं सांगितलं त्याचं काय? त्याने निरर्थक करार वैध होत नाही. पण गाडी अजून मुलाच्याच ताब्यात असेल तर ती परत करायला लावण्याचा मुद्दा उरतो. मोटारसायकल ही गरजेची वस्तू धरता येईल का? कलम ६८ आठवा. तिथेही मुलावर वैयक्तिक जबाबदारी येत नाही, भरपाई मिळाली तर त्याच्या मालमत्तेतून.

आता प्रश्नाचा एकच धागा बदला. मुलगा अठरा पूर्ण आहे. किंवा गाडी वडिलांनी स्वतःच्या नावावर घेतली आहे. किंवा गाडीऐवजी वर्षभराचं मेसचं बिल आहे. उत्तर कुठे बदलतं, कुठे नाही? एका प्रश्नाचे असे चार करता आले की तो धडा तुमचा झाला.

एमसीक्यू असतील तर?

पर्यायांवर हात ठेवा. आधी उत्तर मनात आणा, मग हात काढा. पर्याय बघून ओळखीचा वाटतो तो निवडायचा, ही सवय घातक असते, कारण पेपर काढणारा चुकीचे पर्यायही ओळखीचे वाटतील असेच ठेवतो (मी तरी ठेवते). बरोबर आलं तरी उरलेले तीन का चूक ते तोंडी सांगा. एका एमसीक्यूत चार प्रश्न असतात ते असे.

पूर्ण पेपर वेळ लावून केव्हा सोडवायचा?

परीक्षेला तीन आठवडे असताना पहिला, मग आठवड्याला एक. रोज नको. पूर्ण पेपर सोडवायला अडीच-तीन तास, आणि तो नीट तपासायला तेवढेच. तपासायला वेळ नसेल तर सोडवूच नका.

वेळेचा हिशेब पक्का हवा. ७० गुण, अडीच तास म्हणजे १५० मिनिटं. वाचायला, प्रश्न निवडायला आणि शेवटी पुरवण्या बांधायला दहा काढली की उरतात १४०. गुणाला दोन मिनिटं. दहा गुणांच्या गणिताला वीस. पंचविसाव्या मिनिटालाही ताळा जुळत नसेल तर जागा सोडा आणि पुढे जा. हे परीक्षेत सुचत नाही, घरी दोनदा करून झालेलं असेल तरच जमतं.

आणि सगळं खरंखुरं. फुलस्केप कागद, तेच पेन, परीक्षेत नेणार तोच साधा कॅलक्युलेटर. मोबाइलवरचा कॅलक्युलेटर वापरून सराव केलेली मुलं परीक्षेत एम-प्लसचं बटण शोधत बसतात, हे मी सुपरव्हिजन करताना डोळ्यांनी पाहिलंय. हात दुखतो तेही घरीच कळलेलं बरं. हल्ली तीन तास सलग लिहायची सवय कोणाला आहे?

उत्तरं नसलेल्या पेपरांचं काय? तपासायचं कसं?

डिप्लोमावाले नशीबवान आहेत. तंत्रशिक्षण मंडळ त्यांच्या पेपरांची मॉडेल आन्सर गुणविभागणीसकट संकेतस्थळावर टाकतं. डिग्रीवाल्यांनीही त्यातली मूळ विषयांची बघावीत. कॉमर्सच्या मुलांना सीएच्या संस्थेचं स्टडी मटेरियल, रिव्हिजन टेस्ट पेपर आणि सुचवलेली उत्तरं फुकट मिळतात. पातळी जरा वरची आहे, पण मांडणी शिकायला उत्तम.

स्वतः तपासताना लाल पेन घ्या आणि आम्ही कॅप सेंटरवर (उत्तरपत्रिका एकत्र तपासायच्या केंद्रावर) बसून तपासतो तसं तपासा. आमच्यापुढे गठ्ठा असतो आणि हातात गुणांची विभागणी. डोळे शोधतात ते एवढंच: सूत्र लिहिलंय का, वर्किंग नोट दाखवली आहे का, उत्तराला एकक आहे का, ताळेबंदाला तारीख आणि शीर्षक आहे का. सुरुवातीला एक आकडा चुकला आणि पुढची रीत बरोबर असली, तर पायऱ्यांचे गुण सहसा देतो. नुसतं शेवटचं उत्तर बरोबर आणि वर काहीच नाही, तिथे हात आखडतो. घरच्या कागदावर "मला कळलंय की काय म्हणायचंय" असं म्हणून स्वतःला गुण देऊ नका. मला ते कळत नाही, मी तुमच्या घरी आलेले नसते.

सारखं चुकतं, मग सोडवावंसंच वाटत नाही.

घरी चुकलं त्याचा खर्च शून्य. तिथेच चुकून घ्या.

पण चुका नुसत्या मोजू नका, वेगळ्या करा. माझ्या मुलांना मी वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखायला लावते: माहीतच नव्हतं, माहीत होतं पण आठवलं नाही, येत होतं पण घाईत चुकलं. पहिल्याला पुस्तक उघडायचं. दुसऱ्याला तोच प्रश्न चार दिवसांनी पुन्हा. तिसऱ्याला पुस्तक वाचून काही होत नाही, तिथे सवय बदलावी लागते. एका मुलाच्या तिसऱ्या रकान्यात सात वेळा एकच नोंद होती: "शून्य एक कमी लिहिला." तो आकडे स्वल्पविराम न देता लिहायचा. स्वल्पविराम द्यायला लागला, रकाना रिकामा झाला.

चॅटजीपीटीकडून प्रश्न काढून घेऊ का?

काढा, पण सिलॅबसचं ते युनिट त्याला पूर्ण देऊन. प्रश्न बरे काढतो. उत्तरांवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. कलमाचा क्रमांक, खटल्याचं नाव, कराचा दर ठामपणे चुकीचा सांगतो, आणि गणितात कधी कधी मधलीच बेरीज चुकवतो. त्याचा चांगला उपयोग मला असा वाटतो: आपण लिहिलेलं उत्तर त्याला द्यायचं आणि म्हणायचं, यावर मला पाच उलटे प्रश्न विचार. उत्तर मागितलंत की पुन्हा ती साठ गणितांची सुंदर वही.

ग्रुपने बसलेलं चालेल?

तिघं-चौघं, आणि प्रत्येकाने आधी एकट्याने सोडवून आणायचं. जमल्यावर फक्त उत्तरं कुठे वेगळी आली त्यावर बोलायचं. एकजण फळ्यावर सोडवतोय आणि बाकीचे मान डोलावतायत, हा अभ्यास एकाचाच होतो. चहाची वेळ ठरलेली असावी, नाहीतर चहाच होतो.

मी पेपर मराठीत लिहिते. प्रश्न आणि उत्तरं सगळी इंग्रजीत मिळतात.

ही अडचण खरी आहे, आणि तिची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली जात नाही. सराव ज्या भाषेत लिहिणार त्याच भाषेत करा. प्रश्न इंग्रजी असला तरी उत्तर मराठीत लिहा. पारिभाषिक शब्दांची एक पानी यादी करा: सीमांत परिव्यय, परिवर्तनीय खर्च, ना-नफा-ना-तोटा बिंदू. शब्दाबद्दल शंका असेल तर इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहा, पण एका पेपरात एकाच गोष्टीला एकच शब्द. पहिल्या पानावर "स्थिर खर्च", तिसऱ्यावर "कायम परिव्यय" आणि पाचव्यावर "फिक्स्ड कॉस्ट" असलं की तपासणाऱ्याची शोधाशोध होते.

येण्या-जाण्यात रोज दोन तास एसटीत जातात. तिथे काय करता येईल?

गणितं नाही, पण चिठ्ठ्या करता येतील. पुढे प्रश्न, मागे उत्तर. व्याख्या, सूत्रं, कलमं, फरकाचे मुद्दे. आलेली चिठ्ठी उजव्या खिशात, न आलेली डाव्या. परतीच्या गाडीत फक्त डावा खिसा. उभ्याने प्रवास असेल तर खिडकीबाहेर बघत काल काय सोडवलं ते पायरीपायरीने आठवा, त्याला कागदही लागत नाही.

दहाच दिवस उरलेत आणि काहीच झालेलं नाही.

रागवत नाही, आता उपयोग नाही. आजच एक पूर्ण पेपर घ्या, वेळ न लावता, जे येतं ते लिहा. वाईट जाईल. जाऊ दे. त्यावरून युनिटांचे तीन ढीग करा: येतं, थोडं येतं, अजिबात नाही. मधल्या ढिगापासून सुरू करा, गुण तिथे लवकर वाढतात. पाच दिवस मधला ढीग, तीन दिवस "अजिबात नाही" मधलं सगळ्यात सोपं एखादं युनिट, आणि उरलेल्या दोन दिवसांत पुन्हा दोन पेपर, या वेळी घड्याळ लावून.

आदल्या रात्री नवीन प्रश्न घेऊ नका. चुकांचं पान वाचा, हॉल तिकीट आणि ओळखपत्र पिशवीत टाका, झोपा.

केटी लागली आहे, विषय राहिला. पुन्हा पहिल्यापासून?

आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येत असेल तर मागवा. मुदत कमी असते, निकालाच्या दिवशीच तारीख बघून ठेवा. तो तुमच्याच हाताने लिहिलेला सराव पेपर आहे, तोही दुसऱ्याने तपासलेला. गुण कुठे गेले ते त्याच तीन रकान्यांत भरा. पुष्कळ जणांना वाटतं विषय येत नाही, आणि छायाप्रतीत दिसतं की वीस गुणांचं लिहायचंच राहून गेलं होतं. मग पूर्ण पुस्तकाऐवजी घड्याळाचा सराव हवा.

मॅडम, मी सोडवलेला पेपर तुम्ही तपासाल का?

तपासेन. स्टाफरूममध्ये शिरल्यावर डाव्या हाताच्या टेबलावर हिरवा ट्रे आहे, त्यात ठेवा. वर नाव, रोल नंबर आणि किती वेळात सोडवला ते लिहा. लाल पेनाने आधी तुम्ही स्वतः तपासलेला हवा, गुण घातलेले हवेत. माझे आणि तुमचे गुण किती वेगळे येतात तेच मला बघायचं असतं. गुरुवारी दुपारी परत मिळेल. आणि खाडाखोड असली तर नवीन कागदावर उतरवून आणू नका, आहे तसाच द्या.